धुण्याच्या दगडावरचा हर्रास

भिकाबाईला आमच्या कनेरगाव नाक्यावर कुणी चांगली बाई म्हणत नसे. खमकी म्हणायचे, तोंडाळ म्हणायचे, आणि तिची पाठ वळली की आणखी जे म्हणायचे ते लिहिण्याजोगं नाही. मी मात्र तिला चांगली म्हणते. का म्हणते ते सांगायलाच बसले आहे. ज्याला ऐकवणार नाही त्यानं खुशाल उठून जावं.

अठ्ठेचाळीस सालच्या रझाकारांच्या गडबडीत इकडची कितीतरी घरं घाईघाईनं वऱ्हाडात निघाली. ज्यांना सगळं ओढून नेणं जमलं नाही त्यांचं सामान भिकाबाईच्या वखारीत येऊन पडलं. जाती, पेट्या, पाळणे, काय काय. भाडं द्यायला कुणापाशी काही नव्हतं आणि तिनं मागितलंही नाही. माणसं परतेपर्यंत तिनं एका पाळण्याच्या दोरीलासुद्धा कुणाला हात लावू दिला नाही. गावातल्या शहाण्यांना याचं मोठं नवल वाटलं, कारण पंचक्रोशीत तिचं नाव झालं होतं ते लोकांचं टाकलेलं सामान विकून मोकळी होणारी बाई म्हणून. त्या विक्रीची गोष्ट याच्या दहाएक वर्षं आधीची. माझी आई नर्मदाबाई त्यात होती, आणि मी सांगते आहे ते तिच्या तोंडून ऐकलेलं.

तेव्हा निजामाची हद्द आमच्या गावाशी संपायची. पलीकडं इंग्रजांचा वऱ्हाड. हिंगोलीकडून वाशीमला निघालेल्या गाड्या करोडगिरीच्या नाक्यावर थांबायच्या आणि शिपाई एकेक पोतं उलटंपालटं करून जकात सांगायचे. ती ऐकून माणसांचे डोळे पांढरे व्हायचे, आणि निम्मं सामान अलीकडंच ठेवून जायची वेळ यायची. हे बघून भिकाबाईचा नवरा उकंडराव यानं आपल्या वावराच्या कडेला, ओढ्याकडं पाठ करून, पाच खोल्यांची वखार बांधली. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा. खोली पाडव्यापासून पाडव्यापर्यंत भाड्यानं. रिवाज असा की तीन पाडवे भाडं आलं नाही, तर पंचांसमोर कुलूप तोडायचं आणि आतलं सामान बाजाराच्या दिवशी हर्रासात काढायचं. जो चढी बोली लावील त्याचं.

उकंडराव माणूस भोळा. कुलूप तोडायची वेळ आली की म्हणायचा, "यील बिचारा. कायतरी अडचण असंल त्याला." असं करता करता पाचांपैकी तीन कुलपं गंजली. एका खोलीत नाक्यावरच्या एका कारकुनाचं सामान होतं. त्याची बदली तेलंगणात झाली आणि तो गेला तो गेलाच. दुसरीत लग्नाची भांडी भाड्यानं देणाऱ्या एका वाशीमकराचा पसारा. तो मागं कुणी न ठेवता वारला. तिसरीत एका बुडालेल्या अडत्याचे तराजू, खाटा आणि पेट्या. उरलेल्या दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालायचं. अडचण त्या बिचाऱ्यांना नसून आपल्याला आहे, हे भिकाबाई नवऱ्याला रोज ऐकवायची आणि तो रोज मान हलवायचा.

एका साली दसऱ्याच्या सुमारास उकंडराव तापानं गेला. लेकरूबाळ नव्हतं. तेराव्याचं जेवण पचायच्या आत त्याचा धाकटा भाऊ तातेराव पुढं झाला. तातेराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्याच्या गोठ्यात बैलांची दावण होती, आणि ज्याच्याकडं बैल नाही तो पेरणीला त्याच्याच दारात उभा. म्हणजे जवळजवळ निम्मं गाव. त्यानं दगडोबा पाटलाकडं पंच बसवले.

"वखार म्हंजे गाडीवान, शिपाई, परक्या मुलखाची मानसं," तातेराव म्हणाला. "बाईमानसाचं काम न्हाई ते. वहिनीनं घरात बसावं. दोन वख्ताच्या भाकरीची तकलीफ व्हऊ देनार न्हाई आमी."

दोन वेळच्या भाकरीच्या बदल्यात पाच खोल्या. सौदा अगदी बराबर होता, तातेरावाच्या बाजूनं.

बायका पंचांपुढं दाराआडून बोलायच्या. भिकाबाई त्या दिवशी दार ओलांडून सरळ ओसरीवर आली. "भाकरी मला थापता येती, भावजी. वखार मीच चालवते."

"तीन खोल्या मेल्यात त्यातल्या. तुमी काय चालवनार?"

"जित्या करून दावते."

दगडोबा पाटील वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त लवकर घरी जायचं असे. त्यानं निवाडा दिला. "पाडव्यापातूर मुदत. तवर त्या तीन खोल्यांतलं सामान इकलेलं आन् नवे भाडेकरू लागलेले दिसले पायजेत. दिसले, तर वखार भिकाबाईची. न्हाई दिसले, तर किल्ल्या तातेरावाकडं."

कुलपं तुटली. पंचांनी आत डोकावून नाकाला उपरणं लावलं आणि ते निघून गेले. बाजाराच्या दिवशी भिकाबाईनं सगळं सामान बाहेर मांडलं, घासून पुसून. हर्रास पुकारायला गडी ठरवला होता, तो आलाच नाही. मग ती स्वतः पायरीवर उभी राहिली. तिचा आवाज असा, की ओढ्यापलीकडची गुरं चरायची थांबायची. तिनं भांडं उचलून हाक दिली. पुरुष गोळा झाले, भांडी न्याहाळली, टिचक्या मारून वाजवून पाहिली आणि परत ठेवली. कुणी बोली लावेना. तिनं खाट पुढं केली, तराजू पुढं केला. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी आभाळाकडं बघत होतं. समोर पिंपळाच्या पारावर तातेराव पाय हलवत बसला होता. त्यानं आदल्या दिवशीच घरोघर निरोप दिला होता, की जो हर्रासात तोंड उघडील त्यानं पेरणीला बैल मागायला येऊ नये.

भिकाबाईनं तिकडं एकदा पाहिलं आणि मग एकटीनं सगळं सामान परत आत नेलं. त्या गर्दीतल्या एकाही पुरुषानं खाटेचं दुसरं टोक धरलं नाही. यातले अर्धे जण मी पुढं त्यांच्या म्हातारपणी पाहिले, मोठे सज्जन म्हणून मिरवायचे, आणि मला दर वेळी ती खाट आठवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी आई ओढ्यावर धुणं घेऊन आली. वखारीचं मागचं दार ओढ्यावरच उघडायचं. दारात भिकाबाई बसली होती.

"ती परात गेली का वो, बाई?" आईनं विचारलं.

"कोन घेतंय! समदी ठिवलीया तशीच."

आईनं इकडंतिकडं पाहिलं. आमच्या घरी लाकडी काठवट होती, चिरलेली, आणि पितळी परातीवर आईचा जीव आदल्या दिवशी लांबून पाहतानाच जडला होता. "मला घ्याची व्हती," ती म्हणाली. "पर माझ्याकडं पैसा न्हाई. कापूस हाय."

हा कापूस म्हणजे वेचणीचा. आमच्याकडं बायकांना वेचणीची मजुरी कापसातच मिळायची. त्यातला बराचसा घरात जायचा, पण मूठ मूठ बाजूला काढून ठेवणार नाही अशी बाई सबंध हिंगोली परगण्यात सापडली नसती. त्यावर बांगड्या व्हायच्या, गूळ व्हायचा, माहेरी न्यायला खाऊ व्हायचा. तो कापूस कुणा पुरुषाच्या हिशेबात नव्हता. तातेरावानं बैलांची धमकी दिली होती ती पुरुषांना. बायकांना धमकी द्यावी, इतकं त्यांना कुणी मोजतच नव्हतं.

भिकाबाई ताडकन उठली. "उद्या धुनं घिऊन या समद्या," ती म्हणाली. "ज्यांच्याकडं कापूस हाय त्या."

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर इतकं धुणं आलं, की गावात कुणाच्या अंगावर काही राहिलं असेल की नाही अशी शंका यावी. पुरुष वावरात होते, पण वावरं काही फार लांब नव्हती. ओरडून बोली लावायची सोय नव्हती. त्यावर तोड निघाली ती अशी: भिकाबाई दारात उभी राहून एकेक वस्तू वर धरणार, आणि जिला हवी तिनं ओलं लुगडं दगडावर आपटायचं. एकदा आपटलं की एक शेर कापूस. दुसरीला हवी असेल तर तिनं जास्त आपटायचं. हर्रास पुकारणारी भिकाबाई, आणि तिला कुजबुजून पुकारावं लागत होतं. आई सांगायची, आवाज दाबून दाबून तिच्या मानेच्या शिरा टरटरल्या होत्या.

परातीसाठी आईनं लुगडं आपटलं. मंजुळाबाईनंही आपटलं. आईनं पुन्हा आपटलं, आणि मंजुळाबाईनं हसून लुगडं पिळायला घेतलं. मंजुळाबाईला पुढं खाट मिळाली. घागरी गेल्या, पातेली गेली, पेट्या गेल्या. तराजू कुणाला नको होता, तो एका म्हातारीनं हौसेनं घेतला. वावरातून कुणी विचारलंच, "आज काय चालून राहिलंय गं ओढ्यावर?" तर दहा जणींनी एकदम सांगितलं, "धुनं!"

शेवटी कारकुनाची खुर्ची निघाली. हातांची, वेताची बैठक असलेली, शिसवीची. भिकाबाईनं ती दोन्ही हातांनी वर धरली आणि बायका हसल्या. खुर्ची घेऊन बाई काय करणार? तेवढ्यात अगदी मागच्या दगडावर लुगडं आपटलं. सगळ्या वळल्या आणि सगळ्यांचं हसू मावळलं. तिथं पार्वतीबाई होती, तातेरावाची बायको. ती कधी आली हे कुणाला कळलं नव्हतं. आता ही घरी जाऊन सांगणार, या विचारानं आईच्या हातातला पिळा तसाच राहिला.

पार्वतीबाईनं कुणाकडं पाहिलं नाही. दुसऱ्या कुणी बोली लावली नव्हती, तरी तिनं लुगडं पुन्हा आपटलं, मग पुन्हा, आणि आपटतच राहिली. शेवटी भिकाबाईलाच म्हणावं लागलं, "पुरं गं पारबते, लुगडं फाटंल. तुझीच हाय."

"माझ्यापाशी कापूस न्हाई," पार्वतीबाई म्हणाली. बड्या घरची ती. मजुरीला कशी जाणार? तिनं पदराखालून तुपाची चरवी काढली. "हे चालंल का, बाई?"

"चालंल. पर तू काय करनार खुर्चीचं?"

"ते तुमाला काय करायचं?" जाऊ म्हणाली, आणि भिकाबाईनं चरवी घेऊन खुर्ची तिच्यापुढं ठेवली.

विक्री झाली, पण माल हलेना. परात घरी नेली तर मालक विचारणार, कुठून आणली? आणि खाट काही पदराखाली लपवता येत नाही. बायका आपापल्या वस्तूला धरून दारात घुटमळू लागल्या. शेवटी आईच म्हणाली, "बाई, हितंच ऱ्हाऊ द्या ना. भाडं देतो आमी. आमची बी खोली!"

ते ऐकून बायका पुन्हा हसल्या, पण या वेळचं हसू वेगळं होतं. सासरचं घर सासऱ्याचं, माहेरचं घर भावाचं. आपलं म्हणून काही ठेवायला जागा हवी, ही गोष्टच तोवर कुणाला सुचली नव्हती. भाडं ठरलं, तेही कापसात. एकच अट होती: कोणती वस्तू कुणाची, हे भिकाबाईनं कुणालाही सांगायचं नाही.

"जीव गेला तरी न्हाई सांगनार," भिकाबाई म्हणाली.

तांड्यावरचा खेमा नावाचा गाडीवान होता, त्याला तातेरावाच्या बैलांची गरज नव्हती. त्याच्या गाडीतून कापूस हिंगोलीला जिनात विकायला गेला. तिन्ही खोल्यांना नवी कुलपं लागली. भिकाबाई खूश होती. तीन खोल्यांचं सामान विकलेलं, तीन खोल्यांना भाडेकरू लागलेले. पाटलाची अट अक्षरशः पुरी झाली होती. त्यात काही चुकलं आहे, हे तिच्या किंवा ओढ्यावरच्या एकीच्याही डोक्यात आलं नाही.

पाडव्याच्या दिवशी गुढ्या उभ्या राहिल्या आणि पाटील, तातेराव आणि पंच वखारीवर आले. मागं गाव आलं. बायका नैवेद्याची ताटं झाकून आल्या आणि भिंतीकडेला उभ्या राहिल्या. भिकाबाईनं ऐटीत एकेक कुलूप उघडलं, दारं लोटली आणि बाजूला झाली.

आत परात होती. पातेली होती, घागरी, पेट्या, तराजू, खाटा. सगळं होतं तसं होतं.

तातेराव मोठ्यानं हसला. "बघा पाटील! धूळ तेवढी झटकलीया. एक बी वस्तू इकली न्हाई."

तिथं भिकाबाईला आपली चूक दिसली. आई सांगायची, तिचा चेहरा मातीसारखा झाला. पण आवाज तोच राहिला. "समदं इकलंय. ज्यांनी घेतलं त्यांनीच भाड्यानं ठिवलंय."

"कोनी घेतलं?"

भिकाबाईनं कमरेला पदर खोचला.

"नाव सांगा की वहिनी!"

"नाव सांगनार न्हाई. शब्द दिलाय."

दगडोबा पाटलानं पागोटं काढून डोकं खाजवलं. "भिकाबाई, बिननावाचा भाडेकरू आमी कसा धरावा? समदी नका सांगू. एक सांगा. निस्तं एक नाव. मी वखार तुमची म्हनतो."

नुसतं एक. भिंतीकडेला सगळ्या उभ्या होत्या. आईच्या शेजारी मंजुळाबाई, तिच्या पलीकडं तराजूवाली म्हातारी. आईचा नवरा, म्हणजे माझे वडील, समोरच होते, आणि त्यांच्या पेरणीला तातेरावाचे बैल यायचे होते. आईनं मान खाली घातली. भिकाबाईनं त्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कुणावरही थांबवली नाही. तिला वखार हवी होती, जिवापाड हवी होती. त्या पाच खोल्या गेल्या की दिराच्या घरी चुलीपाशी बसून उरलेलं आयुष्य काढायचं, हे तिला दिसत होतं. तरी तिनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि हात पुढं केला.

"घ्या भावजी. पर आतलं सामान हालवू नका. ते तुमचं न्हाई, माझं बी न्हाई."

तातेरावानं हात पुढं केला. तेवढ्यात भिंतीकडेची एक बाई निघाली. डोक्यावरून पदर, अंगावर पाडव्याचं नवं लुगडं. ती पाटलासमोरून गेली, नवऱ्यासमोरून गेली, खोलीत शिरली. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग ती शिसवीची खुर्ची ओढत उंबऱ्याबाहेर आली, उन्हात खुर्ची नीट ठेवली आणि तीवर बसली.

पाटील उभा होता, पंच उभे होते, सगळं गाव उभं होतं. बसलेली एकटी पार्वतीबाई.

"पारबते!" तातेराव ओरडला. "काय करून राहिलीस?"

"बसून राहिले," ती म्हणाली. तिचे हात खुर्चीच्या हातांवर होते. "खुर्ची माझी हाय. हर्रासात घेतली, तूप दिऊन. भाडं बी भरलंय." मग ती पाटलाकडं वळली. "एकच नाव पायजे व्हतं ना तुमाला? घ्या. पार्वतीबाई."

मग माझी आई बोलली. "परात माझी हाय," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या वडिलांकडं पाहिलंसुद्धा नाही. मंजुळाबाई म्हणाली, खाट माझी. घागरी बोलल्या, पेट्या बोलल्या, आणि म्हातारी तर पंचांना ढकलून आत गेली आणि तराजू डोक्यावर घेऊनच बाहेर आली. पाटलानं पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं. वखार भिकाबाईची, असं तो म्हणाला, आणि पंचांनी घाईघाईनं माना हलवल्या. त्यांतल्या दोघांच्या बायका नुकत्याच बोलल्या होत्या. भिकाबाईनं जुडगा पुन्हा कमरेला खोवला, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

माणसं पांगू लागली. तातेराव तिथंच होता. आता तो ओरडत नव्हता. बायकोच्या जवळ जाऊन त्यानं हळूच विचारलं, "काहून घेतली गं ही? घरात काय कमी हाय तुला?"

पार्वतीबाई उठली नाही. बसूनच तिनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं.

"लगीन हून आले तवापासून," ती म्हणाली, "तुमच्या घरात मला कोनी 'बस' म्हनलं न्हाई."